मेट्रो सौरऊर्जेवर चालेल का? छप्पर, वारा आणि पंधरा मिनिटांचा हिशेब

प्रश्न असा आहे: बेलापूर–पेंधर मेट्रो धावते आहे, ठाण्यात मेट्रो 4 आणि वर्तुळाकार मेट्रो येऊ घातली आहे. स्थानकांची छपरे आणि डेपोच्या शेड एवढ्या मोठ्या असताना त्यांवर सौर पॅनेल टाकून मेट्रो स्वतःच्या विजेवर का चालवू नये? आणि चालवलीच तर सूर्य मावळल्यावर काय?

छपरावरच्या विजेवर स्थानके आणि डेपो दिवसा बऱ्याच अंशी भागतात. गाड्यांची वीज मात्र बाहेरूनच आणावी लागते. इथपर्यंत बहुतेकांना माहीत असते. फसगत पुढे होते: बाहेरून वीज घेताना स्वस्त म्हणून पुन्हा सौरच घेतली जाते. छपरावर सौर लावलेल्या मेट्रोने बाहेरून आधी वारा घ्यावा, सौर नंतर. हे आकड्यांतच पाहू.

नवी मुंबईची मार्गिका 1 सुमारे 11.1 किमी, 11 स्थानकांची, तीन डब्यांच्या गाड्यांची; 17 नोव्हेंबर 2023 पासून प्रवासी सेवेत. खालचे आकडे तिच्या बिलातले नाहीत, तेवढ्या आकाराच्या उन्नत मार्गिकेचा अंदाज आहे. सरासरी 15 मिनिटांनी गाडी, रोज 16 तास, दोन्ही दिशा मिळून 128 फेऱ्या, म्हणजे सुमारे 1,420 गाडी-किमी आणि 4,260 डबा-किमी. वातानुकूलित डब्याला रिजनरेशन (ब्रेक लावताना परत मिळणारी वीज) वजा जाता किलोमीटरमागे 3 युनिट धरले तर ट्रॅक्शनला (गाड्या ओढायला) रोज 12,800 युनिट. उन्नत स्थानकाला लिफ्ट, सरकते जिने, दिवे, सिग्नलिंग खोल्यांचे एसी, पंप मिळून रोज 900 युनिटच्या आसपास. अकरा स्थानकांचे 10,000. डेपोचे दोन-अडीच हजार. एकूण रोज 25,000, वर्षाला 91 लाख युनिट.

आता छप्पर. तीन डब्यांच्या फलाटाचे छप्पर 70 गुणिले 20 मीटर धरले तर 1,400 चौरस मीटर होते. त्यातून चालायच्या वाटा, पावसाच्या पन्हाळी, स्कायलाइट, कडेचे अंतर आणि एसीची बाहेरची युनिट वगळली की पॅनेलला 60 टक्के उरते. 550 वॉटचे पॅनेल 2.6 चौरस मीटरचे. कागदावर 180 किलोवॉट पीक (भर उन्हातली कमाल क्षमता) बसतात, प्रत्यक्षात 150 धरा. ठाणे-नवी मुंबईत एक किलोवॉट वर्षाला 1,300 ते 1,400 युनिट देतो, म्हणजे अकरा छपरांचे 1.65 मेगावॉट, वर्षाचे 22 लाख युनिट. डेपोच्या शेडवर आणखी 1 मेगावॉट बसला तर एकूण 36 लाख. 91 लाखांपैकी 36, म्हणजे 40 टक्के. आकडा झकास दिसतो आणि बातमीही छान होते.

पण उद्या गर्दी वाढली आणि दर पाच मिनिटांनी गाडी सोडली, तर ट्रॅक्शन तिप्पट होते. रोजची गरज 51,000 युनिट, वर्षाची 186 लाख. छप्पर तेवढेच राहते, त्याचा वाटा 19 टक्क्यांवर येतो. मेट्रो जितकी चांगली चालेल तितका छपराचा टक्का घसरणार, म्हणून टक्केवारी सांगताना फेऱ्यांची वारंवारता सांगितलीच पाहिजे. ठाण्याच्या वर्तुळाकार मेट्रोत तर भूमिगत भागही आहे. तिथे बोगद्याचे वायुवीजन आणि स्थानकाचा एसी उन्नत स्थानकाच्या कित्येक पट वीज खातो, आणि वर छप्परच नसते.

उरलेले 150 लाख युनिट बाहेरून आणायचे. सोलापूर किंवा धुळ्याकडचा ट्रॅकरवाला (सूर्यामागे पॅनेल फिरवणारा) प्रकल्प एका मेगावॉटला वर्षाला 22 लाख युनिट देतो. सात मेगावॉटचा करार केला की वर्षाची बेरीज जुळते. आता दुपारी साडेबारा वाजता काय होते ते पाहा. मार्गिकेची सरासरी मागणी 2.8 मेगावॉट. त्यातले जवळपास 2 मेगावॉट छप्परच देते आहे. उरले पाऊण-एक मेगावॉट, आणि करारातून सहा मेगावॉट येऊन आदळतात. संध्याकाळी सात वाजता मागणी साडेतीन-चार मेगावॉटवर जाते, तेव्हा दोन्हीकडून शून्य. वर्षाच्या कागदावर शंभर टक्के हरित, आणि गर्दीच्या वेळची गाडी मात्र पूर्ण ग्रिडच्या मिश्र विजेवर.

ही तफावत कोणी फुकट भरून देत नाही. स्थानिक वितरण कंपनीऐवजी दुसऱ्या उत्पादकाची वीज ग्रिडमार्गे घेणे म्हणजे ओपन अ‍ॅक्सेस. ओपन अ‍ॅक्सेसचा हिशेब 15 मिनिटांच्या ब्लॉकमध्ये होतो, दिवसाचे 96 ब्लॉक. शेड्यूल ऐरोलीच्या राज्य भार प्रेषण केंद्राकडे जाते आणि ज्या ब्लॉकमध्ये वीज आली पण वापरली गेली नाही ती बँकिंगला जाते. बँकिंगला शुल्क आहे, मुदत महिन्याची आहे, आणि दुपारी जमा केलेली वीज संध्याकाळच्या महागड्या वेळी उचलायला बंधने आहेत. दुपारचे युनिट संध्याकाळच्या युनिटएवढे धरून केलेला आर्थिक आराखडा पहिल्याच सेटलमेंटला उघडा पडतो. सल्लागाराकडून वर्षाचा तक्ता न घेता 8,760 तासांची फाइल मागा. त्याहून बरे म्हणजे 35,040 ब्लॉकची. ती द्यायला जो कुरकुर करतो त्याने हिशेब केलेलाच नसतो.

म्हणून वारा. साताऱ्याच्या चाळकेवाडी-वनकुसवडे पठारावर आणि धुळे पट्ट्यात पवनचक्क्यांचे वर्षाचे निम्म्याहून अधिक उत्पादन जून ते सप्टेंबरमध्ये होते. नेमके तेव्हा आपल्या छपराचे उत्पादन कोसळलेले असते; जुलैत एप्रिलच्या जेमतेम निम्मे मिळते. शिवाय वारा संध्याकाळी आणि रात्रीही वाहतो. अडचण ऑक्टोबर-नोव्हेंबरची. तेव्हा वारा पडतो, दुपारी ऊन लख्ख असते आणि संध्याकाळ रिकामी जाते. तिथे बॅटरीची जागा आहे. डेपोत 1 मेगावॉट, 4 मेगावॉट-तासांची एलएफपी (लिथियम-लोह-फॉस्फेट) बॅटरी दुपारचा अतिरिक्त माल साठवून संध्याकाळी चार तास देते. येण्या-जाण्यात 15 टक्के हरवतात, पण ती संध्याकाळची एमडीही (बिलात धरली जाणारी कमाल मागणी) कापते. नुसत्या सौरने एमडी कमी होत नाही, कारण कमाल मागणी सूर्य मावळल्यावर नोंदली जाते. छपराचे पॅनेल लागले म्हणून करारमागणी कमी करून घेण्याचा मोह होतो. तो टाळा, नाहीतर जादा मागणीचा दंड बसतो.

साठवणुकीचा मोठा मार्ग ठाणे जिल्ह्याच्या उशाशीच आहे: घाटघर, 250 मेगावॉटचा उदंचन प्रकल्प, खालचे धरण शहापूर तालुक्यात. मेट्रोला तिथून थेट करार करता येतो असे नाही, पण कमी मागणीच्या वेळच्या विजेने डोंगरावर पाणी चढवून जास्त मागणीच्या वेळी उतरवायचे, ही कल्पना कोणाला नवी वाटत असेल तर ती इथे 2008 पासून चालू आहे.

दिल्ली मेट्रोचे उदाहरण सगळे देतात, म्हणून नीट सांगतो. मध्य प्रदेशातल्या रीवाच्या 750 मेगावॉट सौर प्रकल्पातून दिल्ली मेट्रो 99 मेगावॉटचा वाटा घेते. पहिल्या वर्षाचा दर 2.97 रुपये, पुढे 15 वर्षे दरसाल 5 पैसे वाढ. तिथे हे जमले कारण दिल्ली मेट्रोची दुपारची मागणीच 99 मेगावॉट पचवण्याइतकी मोठी आहे. आलेले युनिट जवळपास सगळे त्याच क्षणी वापरले जाते. अकरा किलोमीटरच्या मार्गिकेला तेच प्रमाण लावता येत नाही. त्यातून निघणारा धडा असा की लहान मार्गिकांनी एकत्र खरेदी करावी. नवी मुंबईची मार्गिका महामेट्रो चालवते आणि ठाण्याची वर्तुळाकारही तिच्याकडेच आहे. पुणे, नागपूर धरून एकच करार केला तर मागणीचे चढउतार एकमेकांत मिसळतात. मीटर मात्र प्रत्येक आरएसएसला (बाहेरची वीज घेणाऱ्या उपकेंद्राला) वेगळा लागतो आणि ब्लॉकगणिक वाटप आधी ठरवावे लागते.

कराराचे दोन-तीन मार्ग आहेत. 2022 च्या केंद्रीय हरित ओपन अ‍ॅक्सेस नियमांनी किमान मागणीची मर्यादा 100 किलोवॉटवर आणली, त्यामुळे पात्रतेचा प्रश्न उरत नाही. तिसऱ्या पक्षाकडून घेतली तर क्रॉस-सबसिडी अधिभार (इतर ग्राहकांच्या सवलतीची भरपाई) आणि अतिरिक्त अधिभार बसू शकतो. ग्रुप कॅप्टिव्हमध्ये (ग्राहकांच्या सामाईक मालकीच्या प्रकल्पात) हे टळतात, पण त्यासाठी 26 टक्के मालकी आणि वर्षाकाठी किमान 51 टक्के विजेचा स्वतः वापर लागतो. हा 51 टक्क्यांचा निकष वर्ष संपल्यावर तपासला जातो आणि चुकला तर अख्ख्या वर्षाचे अधिभार मागाहून अंगावर येतात. मार्गिका सुरू व्हायला उशीर झाला, फेऱ्या कमी राहिल्या, की हाच निकष आधी तुटतो. म्हणून क्षमता टप्प्याटप्प्याने जोडा. पहिल्या दिवशी पाच मिनिटांच्या वारंवारतेचा करार करू नका. राजस्थान-गुजरातेतून आणायची असेल तर आंतरराज्य पारेषण शुल्काची पूर्ण माफी 30 जून 2025 पर्यंत कार्यान्वित झालेल्या प्रकल्पांनाच होती; त्यानंतरच्या प्रकल्पांना ती दरवर्षी 25 टक्क्यांनी घटते, हे दर तपासताना धरा. आणि आरएसएस महापारेषणच्या अतिउच्चदाब वाहिनीवर असेल तर वितरणाचा व्हीलिंग (वीज वाहून नेण्याचा) आकार आणि तोटा वाचतो. नव्या मार्गिकेला जोडणीचा दाब ठरवताना हा मुद्दा टेबलावर असायला हवा.

सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे महावितरणचा हरित दर. 2021 मध्ये नियामक आयोगाने तो नेहमीच्या दरावर युनिटमागे 66 पैसे असा ठरवला. पुढच्या आदेशांत बदलतो, ताजा आदेश पाहा. त्याने प्रमाणपत्र मिळते, एक पैसा वाचत नाही. दिवसाची सूट आणि संध्याकाळचा अधिभार आपल्या दरवर्गाला लागू आहे की नाही, हेही त्याच आदेशात पाहा. मेट्रो-रेल्वेचा दरवर्ग वेगळा आहे आणि उद्योगांचे टीओडी (दिवसातल्या वेळेनुसार दराचे) स्लॉट डोळे झाकून वापरलेले आराखडे सर्रास दिसतात.

आता स्थानकाच्या आत. आपल्याकडच्या या मार्गिकांचा ट्रॅक्शन पुरवठा 25 केव्ही, सिंगल फेज, ओएचईवरून (गाडीवरच्या तारेवरून). छपराची सौर वीज त्यात थेट जात नाही. नेहमीची मांडणी म्हणजे आरएसएसमधून एक बाजू ट्रॅक्शनला आणि दुसरी 33 केव्हीच्या रिंगला (स्थानके जोडणाऱ्या केबलच्या कड्याला). प्रत्येक स्थानकावर एएसएस (सहायक उपकेंद्र), तिथे 33 केव्हीचे 415 व्होल्ट होतात. सौर इन्व्हर्टर या 415 व्होल्टच्या बसला (वीज वाटणाऱ्या पट्टीला) जोडतात. स्थानकात न खपलेली वीज रिंगवरून शेजारच्या स्थानकात, तिथून आरएसएसच्या बसवर आणि शेवटी ट्रॅक्शन ट्रान्सफॉर्मरमधून गाडीकडे जाते. मीटर आरएसएसच्या तोंडाशी एकच असेल, तर ती बाहेर गेलेली धरली जात नाही. म्हणून स्थानकागणिक झिरो-एक्सपोर्ट (वीज बाहेर जाऊ न देणारे) यंत्र लावून उत्पादन दाबू नका. रिव्हर्स पॉवरचे नियंत्रण आरएसएसवर ठेवा. एएसएसच्या इनकमरवरची (येणाऱ्या वाहिनीवरची) रिले मात्र उलट्या प्रवाहासाठी पुन्हा सेट करावी लागते. ती जुन्या सेटिंगवर राहिली की रविवारी दुपारी, भार कमी आणि ऊन भरपूर असताना, ब्रेकर उडतो.

दुसरा नेहमीचा दोष व्होल्टेजचा. ट्रान्सफॉर्मरचा दुय्यम दाब 433 व्होल्ट, भार हलका, त्यात सौर ढकलतो. फेजचे व्होल्टेज 253 च्या वर गेले की इन्व्हर्टर ‘ग्रिड ओव्हरव्होल्टेज’ दाखवून बसतात. ठेकेदार मर्यादा वाढवून मोकळा होतो. खरा इलाज ट्रान्सफॉर्मरचा ऑफ-लोड टॅप एक पायरी खाली आणणे, तेही रात्रीच्या पॉवर ब्लॉकमध्ये (वीज बंद ठेवलेल्या वेळेत).

तिसरा, आणि पैशाच्या दृष्टीने सगळ्यात जड, रिअ‍ॅक्टिव्ह पॉवर. ही प्रत्यक्ष काम न करता नुसती ये-जा करणारी वीज, किलोव्हारमध्ये मोजतात; मोटरसारखा भार ती खेचतो तो लॅग, केबल ती तयार करते तो लीड. स्थानकाचा भार 100 किलोवॉट आणि 50 किलोव्हार लॅग असेल, सौरने 80 किलोवॉट दिले, की ग्रिडकडून 20 किलोवॉट आणि तेच 50 किलोव्हार येतात. पीएफ (पॉवर फॅक्टर, एकूण विजेतला प्रत्यक्ष कामाचा वाटा) 0.9 वरून 0.37 वर. यंत्रात काही बिघडलेले नसते, सौरने फक्त किलोवॉट काढून घेतलेले असतात. दिवसा रिंगच्या केबलचा लीड या लॅगला काही अंशी खाऊन टाकतो. रात्री उलटे होते. 33 केव्हीची भूमिगत केबल किलोमीटरला 70 ते 85 किलोव्हार लीड तयार करते. दोन रिंग मिळून 24 किमी केबल म्हणजे 1,800 किलोव्हार. रात्री साडेअकरा ते साडेचार भार सगळ्यात कमी, 300 किलोवॉट. महाराष्ट्रात एचटी ग्राहकांना एप्रिल 2020 पासून केव्हीएएचवर (कामाची आणि रिअ‍ॅक्टिव्ह दोन्ही धरून मोजलेल्या विजेवर) बिल येते आणि लीडही हिशेबात धरला जातो. 300 किलोवॉट आणि 1,800 किलोव्हार म्हणजे 1,825 केव्हीए. पाच तासांत 1,500 युनिटऐवजी 9,100 युनिटचे बिल. अकरा छपरे दिवसभरात कमावतात ती सरासरी सहा हजार युनिट, आणि लीड शोषून घेणारा शंट रिअ‍ॅक्टर बंद पडला असेल तर त्याहून जास्त एका रात्रीत जातात. म्हणून सौरची निविदा काढण्याआधी आरएसएसच्या मीटरचा ब्लॉकवार लोड सर्व्हे डाउनलोड करा आणि रात्रीचा पीएफ पाहा. इन्व्हर्टर घेताना रात्रीही रिअ‍ॅक्टिव्ह पॉवर हाताळणारे घ्या. 1.65 मेगावॉटचे इन्व्हर्टर रात्री हजारभर किलोव्हार शोषू शकतात. बाकीचे काम रिअ‍ॅक्टर किंवा एसव्हीजी या इलेक्ट्रॉनिक भरपाई यंत्राचे.

डीजी सेटचा (डिझेल जनित्राचा) इंटरलॉक विसरू नका. ग्रिड गेली, डीजी चालू झाला, इन्व्हर्टरना व्होल्टेज दिसले की ते जोडून घेतात आणि डीजीला उलटे ढकलतात. डीजी मोडमध्ये सौरचा ब्रेकर हार्डवायरने उघडलाच पाहिजे. सॉफ्टवेअरच्या भरवशावर सोडू नका. सिग्नलिंगच्या यूपीएसजवळ सौर फिरकू देऊ नये, हे वेगळे सांगायला नको.

छपराचे काम स्वतंत्र शिस्तीचे. या पट्ट्याचा मूळ वाऱ्याचा वेग आयएस 875 भाग 3 प्रमाणे 44 मीटर प्रति सेकंद. पॅनेल आणि रचनेचे वजन चौरस मीटरला 15 किलोच्या आसपास, ते सहसा अडचण नसते. वाऱ्याची उचल अडचण असते, विशेषतः दोन्ही टोकांना, जिथे छप्पर फलाटाबाहेर झेपावते. तिथली पहिली दीड-दोन मीटर पट्टी मोकळी ठेवा. पत्र्याला भोक न पाडता शिवणीवर बसणारे क्लॅम्प वापरा. पाडलेले प्रत्येक भोक जुलैत फलाटावर गळते. छप्पर वक्र असेल तर उत्तरेकडच्या उतारावर वर्षाला सात-दहा टक्के कमी मिळतात, तरी लावा. ठाण्यात घोडबंदर रस्त्यावर वेगळा प्रश्न: दोन्ही बाजूंना टॉवर आणि पश्चिमेला येऊरचा डोंगर. तिथे दुपारी उशिरा सावली लवकर पडते, त्यामुळे आजच्या सावलीबरोबर मंजूर झालेल्या पण अजून न बांधलेल्या इमारतींची सावलीही मॉडेलमध्ये घ्या. पालिकेकडच्या मंजूर नकाशांत ती उंची सापडते.

नवी मुंबईत खाडीची खारी हवा आणि तळोजा एमआयडीसीचा धूर एकत्र येतात. पॅनेलला सॉल्ट मिस्टची आयईसी 61701 चाचणी, स्टीलला किमान 80 मायक्रॉन गॅल्व्हनायझिंग, अ‍ॅल्युमिनियमची रेल आणि स्टील यांच्यामध्ये रबराची चकती. हे निविदेत शब्दशः लिहा. खारघरकडे बांधकामाची धूळ बसते, आणि रुळांवरून उडणारा लोखंडाचा बारीक भुगा स्थानकाच्या छपरावर तांबूस थर धरतो, जो नुसत्या पाण्याने जात नाही. धुण्याचे काम रात्री दीड ते साडेतीनच्या खिडकीतच, ओएचईचा पॉवर ब्लॉक घेऊन, अर्थिंग रॉड लावून. त्यामुळे वर्षाला किती धुणी होतील हे मनुष्यबळ ठरवत नाही, ब्लॉक ठरवतो. पाण्याची लाइन आणि लाइफलाइनचा दोर छप्पर बांधतानाच बसवा. नंतर बसवायला तिप्पट ब्लॉक लागतात.

पावसाळ्यातली हमखास तक्रार ‘इन्सुलेशन लो’. जून-जुलैत सकाळी इन्व्हर्टर उठतच नाही, दहा वाजता ऊन पडले की आपोआप चालू होतो. कारण जवळजवळ नेहमी पॅनेलच्या तारा जोडणारे एमसी-4 कनेक्टर: दोन वेगळ्या कंपन्यांचे नर-मादी जोडलेले, किंवा प्लास्टिकचे टाय उन्हाने तुटून पन्हाळीत लोंबकळणारे. सकाळी ओले असतानाच मेगर (इन्सुलेशन मोजणारे यंत्र) लावून एकेक स्ट्रिंग (पॅनेलची साखळी) तपासा, दुपारी दोष सापडणार नाही. टाय स्टीलचे, कनेक्टर एकाच बनावटीचे.

छपरावरून खाली येणारी डीसी केबल दिवसा नेहमी जिवंत असते, 600 ते 1,000 व्होल्ट. ती प्रवासी भागातून नेऊ नका. शक्यतो इन्व्हर्टर छपराच्या पातळीवरच ठेवा आणि खाली एसी (प्रत्यावर्ती) वीज उतरवा. रॅपिड शटडाउनची कळ अग्निशमन पॅनेलशेजारी, मराठी पाटीसह. रचनेचे अर्थिंग स्थानकाच्या अर्थशी जोडायचे की वेगळे, हे सौर ठेकेदाराने ठरवायचे नाही. 25 केव्हीच्या शेजारी प्रेरित व्होल्टेज येते, म्हणून मेट्रोच्या ट्रॅक्शन विभागाची सही असल्याशिवाय एकही पट्टी जोडू नये. विद्युत निरीक्षकाची मंजुरी त्यानंतर.

रिजनरेशनबद्दल थोडे. ब्रेक लावताना गाडी ट्रॅक्शन ऊर्जेच्या साधारण 25 ते 35 टक्के परत देते. दिल्ली मेट्रोच्या रिजनरेशन प्रकल्पाची 2007 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या स्वच्छ विकास यंत्रणेत नोंद झाली होती. पण ती ऊर्जा त्याच विभागात दुसरी गाडी वेग घेत असेल तरच आत खपते. पंधरा मिनिटांच्या वारंवारतेत तशी गाडी क्वचित असते, आणि दुपारी स्थानकांची गरज छपराने आधीच भागवलेली असते. मग ती आरएसएसमधून बाहेर जाते. मीटर ती वजा करतो का, की नुसती नोंदवतो, हे करारात पाहा. वजा करत नसेल तर वेळापत्रकात समोरासमोरच्या गाड्यांची सुटण्याची वेळ 10–20 सेकंदांनी सरकवून एकीचा ब्रेक दुसरीच्या वेगाला जुळवता येतो. याला पॅनेल लागत नाही, ठेकेदार लागत नाही. वेळापत्रक बनवणारा आणि वीज विभाग एका खोलीत बसले तर पुरे.

रेस्को पद्धतीने, म्हणजे ठेकेदाराची गुंतवणूक आणि 25 वर्षे युनिटमागे पैसे, असे काम देणार असाल तर एका कलमावर वेळ घालवा: मेट्रोच्या बाजूने बस बंद राहिली तर न झालेल्या उत्पादनाचे पैसे कोणी भरायचे. वर्षाला अमुक तासांपर्यंत माफ, त्यापुढे भरपाई, आणि ते तास आरएसएसच्या स्काडा (संगणकीय देखरेख) नोंदीवरून मोजायचे, ठेकेदाराच्या पोर्टलवरून नाही. दुसरे कलम जाहिरात फलकांचे. व्यावसायिक विभाग दोन वर्षांनी छपरालगत मोठा फलक उभारतो, त्याची सावली दोन स्ट्रिंगवर पडते आणि भांडण सुरू होते. छपरापासून किती अंतरात काही उभारायचे नाही, तो नकाशा कराराला जोडून त्यावर दोन्ही विभागांच्या सह्या घ्या.